घरात बा एकच

माझा थोरला मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत मला पाव्हणा म्हणत असे. शनिवारी दिवस कलता कलता मी मलकापूरहून देऊळघाटला घरी पोचलो, की तो ओसरीवरून आत धूम ठोकी आणि आईचा पदर ओढून सांगे, "माय, पाव्हणा आला!" त्याचं काही चुकत नव्हतं. जो आठवड्यातून एकदा येतो, आल्या आल्या ज्याला पाय धुवायला गरम पाणी मिळतं, ज्याच्या ताटात पहिली भाकर पडते आणि सोमवारी पहाटे जो पिशवी उचलून चालू लागतो, त्याला कुठेही पाव्हणाच म्हणतील. घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचो, पण आतून जळून निघायचो. मी मुळातच तापट माणूस, आणि स्वतःच्या पोरावर तापता येत नाही ही मोठी अडचण असते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी बुलढाण्याच्या हायस्कुलात मॅट्रिक झालेला, म्हणजे आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला, आणि मलकापूरला कापसाच्या एका परदेशी खरेदीदाराच्या हापिसात बारमाही कारकुनी करणारा. घरी शेती होती. ती वडील आणि थोरला भाऊ पाहत.

आमच्या घरात एक रीत होती. आपल्या बापासमोर आपलं लेकरू मांडीवर घ्यायचं नाही. ही रीत कुणी कधी सांगितली नव्हती आणि कुणी कधी मोडलीही नव्हती. मोठ्यांच्या देखत स्वतःचं पोर कुरवाळणं हा निर्लज्जपणा, बायकोशी हसून बोलण्याइतकाच. भावाचं पोर मात्र खुशाल घ्यावं. त्यामुळे माझ्या खांद्यावर भावाची मुलगी असायची आणि भावाच्या खांद्यावर माझा मुलगा, आणि दोघे भाऊ एकमेकांच्या पोरांचे असे काही लाड करायचो की परक्याला वाटावं यांची अदलाबदल झाली आहे. भावाला सगळी पोरं 'दादा' म्हणत. वडिलांना आम्ही दोघे 'बा' म्हणायचो, म्हणून ऐकून ऐकून नातवंडंही 'बा'च म्हणत. तो शब्द एकदा थोरल्या माणसाकडे गेला की मधल्यांना काही उरत नसे. मला घरात 'नाना' म्हणत, पण नाना म्हणजे कोण हे पोराला ठाऊक व्हावं इतका मी घरी नसायचोच.

एकदा मी बायकोवरच घसरलो. ती चुलीपुढे होती आणि बा बाहेर ओसरीवर, म्हणून आवाज दाबून भांडावं लागत होतं.

"तू त्याले सांगत काऊन नाहीस, हा तुहा बाप हाये म्हून?"

"सांगतलं," ती म्हणाली. "तं तो म्हणते, बाप असन तं मले घेत काऊन नाई? दादा घेते, बा घेते, हा पाव्हणा घेत नाई. आता काय सांगू, तुमीच सांगा."

मी उगीच मीठ कमी असल्याचं सांगून जेवायला बसलो. अजून ताट वाढलंही नव्हतं.

मलकापुरात त्या काळी कापूस घ्यायला कुठून कुठून माणसं येत. मुंबईची, अहमदाबादची आणि जपानचीसुद्धा. मी ज्याच्या हापिसात होतो तो जपानीच. वय असेल पस्तिशीचं, अंगाने लहानखुरा, चेहऱ्यावर मिशीचा पत्ता नाही. सरकी काढायच्या जिनातले हमाल त्याच्यामागे त्याला 'पोट्टा सायेब' म्हणत. पण रुईची चिमूट हातात घेऊन दोन अंगठ्यांत ओढली, की तिचा धागा किती लांब आणि किती मजबूत हे तो डोळे मिटून सांगे, आणि मग दलालांची तोंडं पाहण्यासारखी होत. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. दोघांचंही उसनं होतं, म्हणून आमचं बरं जमायचं.

एकदा रेल्वेच्या वाघिणी दोन दिवस आल्या नाहीत. बांधलेल्या गाठी आवारात पडून होत्या आणि आम्ही दोघे त्यांच्यावर बसून होतो. त्याला घरचं पत्र आलं होतं. पत्रात चार वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक शब्द होता, आपल्याकडे पोरं पाटीवर 'ग' काढतात तितपत वाकडातिकडा. तोच तो पुन्हा पुन्हा पाहत होता. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"तोचान," तो म्हणाला.

मग त्याने मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे बापाला एकच शब्द नसतो, वयाप्रमाणे बदलतो. लहान पोर म्हणतं तोचान. जरा मोठं झालं, चारचौघांत बोलायला लागलं, की ओतोसान. आणि मिसरूड फुटलेला मुलगा मित्रांत बसला की म्हणतो ओयाजी. तोंडावर म्हणत नाही, पाठीमागे म्हणतो, पण त्यात माया असते. मी हसलो. आमच्या शाळेतही पोरं एकमेकांना 'माहा बुढा आला बे' म्हणून सावध करत चिलमी लपवत, आणि त्याच बुढ्याला ताप आला की घरी पळत जात. त्याला ते फार आवडलं. तो म्हणाला, आमच्याकडे रस्त्यातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला ओजिसान म्हणतात, म्हणजे काका. आणि ओसाकाकडे, जिथला तो होता, तिथे बाजारातली माणसं सरळ ओस्सान म्हणून हाक मारतात. मुंबईच्या बोटीत चढण्याआधी बंदरावरच्या एका पोराने त्याला पहिल्यांदा 'ए ओस्सान' म्हटलं, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं की हा म्हातारा कोण. सांगताना तो गाठीवरून पडेपर्यंत हसला.

"तुमच्याकडे काय म्हणतात?" त्याने विचारलं.

मी बोटांवर मोजीत सांगू लागलो. मामा, काका, दाजी, अण्णा, आबा, भाऊ, बुवा, पाटील. वाटेत भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालासुद्धा आम्ही 'काहो बाबा' म्हणतो. त्याने सगळे शब्द वहीत टिपून घेतले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुझा मुलगा तुला यातलं काय म्हणतो?"

मी वाघिणी आल्या का ते पाहायला उठलो. तो मात्र कळून न कळल्यासारखा बसून राहिला, आणि मी परत आल्यावर त्यानेच आपली हकिकत सांगितली. घर सोडलं तेव्हा त्याची मुलगी रांगतही नव्हती. पण घरी रोज जेवणाच्या वेळी त्याची बायको त्याचाही वाडगा भरून त्याच्या जागी ठेवते. आमच्याकडे असं पान वाढतात ते गेलेल्या माणसासाठी. मी तसं म्हणालो तेव्हा तो गडबडीने हात हलवू लागला. नाही, नाही, ते जिवंत माणसासाठी. प्रवासात त्याने उपाशी राहू नये म्हणून. मुलगी रोज त्या वाडग्याला सांगते, तोचान, जेव. मग ते अन्न घरचेच कुणीतरी खातात.

मला त्या रात्री झोप लागली असती तर नवल. हा माणूस समुद्रापलीकडे. त्याच्या मुलीने त्याला नीट पाहिलेलंही नाही, आणि तिच्या तोंडात त्याच्यासाठी शब्द आहे. मी एका दिवसाच्या वाटेवर. मोटारीने घाट चढला की बुलढाणा आणि तिथून बैलगाडीने देऊळघाट, आणि मी पाव्हणा. खरं सांगतो, मला त्या जपान्याचा हेवा वाटला. त्याच्या वाडग्याचासुद्धा वाटला.

थोड्या दिवसांनी त्याने एक विचित्र गोष्ट सांगितली. त्याने हजारो गाठी घेतल्या होत्या, पण झाडावरचा कापूस जवळून कधी पाहिला नव्हता. वेचणीचे दिवस होते. मी म्हटलं, चला आमच्या गावी. बोलून बसलो आणि मग घाम फुटला. घरी सायेब येणार, तोही जपानचा, त्याला खायला काय घालायचं? बायकोने निरोप पाठवला, "मानूस हाये ना? मंग भाकर खाईन."

शनिवारची रात्र बुलढाण्यात काढून तो रविवारी सकाळी बैलांच्या दमणीत बसून आला आणि आला तोच त्याने घरातल्या बायकांची मनं जिंकली, कारण ओसरी चढण्याआधी कुणी न सांगता त्याने बूट काढून नीट जोडीने बाजूला ठेवले. आमच्या भावकीतल्या मोठमोठ्या माणसांना हे जमत नसे. मग बा त्याला शेतात घेऊन गेले. मी दुभाषा म्हणून मधे होतो, पण माझी गरजच पडली नाही. बांनी एक उमललेलं बोंड तोडलं, सरकी नखाने काढली, रुई दोन अंगठ्यांत ओढली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने शेजारचं बोंड तोडून अगदी तसंच केलं. दोघांनी एकमेकांचे धागे पाहिले, अदलाबदल करून पुन्हा ओढले आणि माना हलवल्या. असं त्यांनी तासभर केलं असेल. परतताना बा मला म्हणाले, "दिसाले पोट्ट्यावानी हाये, पन हात म्हाताऱ्याचा हाये. मानूस कामाचा."

जेवण झालं. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला. भाऊ दोन्ही बैलजोड्या घेऊन शेतात परत गेला. आम्ही ओसरीवर बसलो. बा भिंतीला टेकून त्यांच्या नेहमीच्या जागी, पाहुणा मधे, मी खाली चटईवर. घरातली पाच-सहा पोरं दारात गोळा होऊन त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"यातला तुझा कोणता?" त्याने विचारलं.

रीत अशी की अशा वेळी नुसता हात हलवून 'त्यातलंच एक' म्हणायचं. मी तसं केलं. त्याला पटलं नाही. तो एकेका पोराचं तोंड न्याहाळू लागला, मग माझं तोंड न्याहाळू लागला, आणि कापूस ओळखावा तसा त्याने माझा मुलगा बरोबर ओळखला. उठला, त्याला बखोटीला धरून उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. ठेवून वर शाबासकी मागितल्यासारखा हसत उभा राहिला.

दाराआड बायकांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी दोन्ही हात हवेत वर धरले होते, मांडीवर कुणी तापलेलं भांडं ठेवलं आहे अशा थाटात. पोरगं लाकडासारखं ताठ बसलेलं. मी बांकडे पाहिलं.

बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, उठले आणि म्हणाले, "बैलं पाहून येतो."

आणि गोठ्याकडे चालू लागले. गोठ्यात एकही बैल नव्हता हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, दाराआडच्या बायकांनाही ठाऊक होतं. ते कोपऱ्यावरून वळले. मग माझे हात आपोआप खाली आले. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मुलाला दिवसाउजेडी घरातल्यांच्या देखत धरलं होतं. त्याच्या केसांना शेतातल्या धुळीचा आणि गुळाचा वास येत होता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी त्याच्या मानेत तोंड घातलं तर त्याला मिशांच्या गुदगुल्या झाल्या आणि तो खिदळला.

जपानी सायबाला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याने माझ्या छातीवर बोट ठेवून पोराला शिकवलं, "तोचान."

"तोचान," पोरगं म्हणालं.

इतकं सोपं होतं ते. 'बा' म्हणायची चोरी होती, 'नाना' परक्यासारखं होतं, आणि हा शब्द कुणाच्याच वाट्याचा नव्हता. संध्याकाळपर्यंत घरभर तोच चालला होता. बायको पाठ वळवून हसत होती, भावाने शेतातून आल्यावर मला 'काहो तोचान' म्हणून हाक मारली. बांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे कोन्या गावचं?"

"जपानचं."

त्यांनी जरा विचार केला. "बरं हाये. आपल्या अठी कोनाचं नाई ते."

पुढल्या शनिवारी मी घरी आलो, पाय धुतले, आणि मुलगा 'तोचान' करत आला खरा, पण दोन हातांवर थबकला. बा ओसरीवर होते. त्यांनी काठी घेतली. "बैलं पाहून येतो." त्याच्या पुढल्या शनिवारीही तेच. मी आलो की बा उठत, गोठ्यात जात आणि जेवायला हाक येईपर्यंत तिथेच राहत. घरात त्यावर कुणी एक शब्द काढला नाही. आमच्या घरात रीत मोडत नसत, तिच्या बाजूने वाट काढत. मी मुलाला मांडीवर घेऊन त्याच्याशी काय काय बोलायचो. तो मला दिवसभराच्या चुगल्या सांगायचा. महिन्याभरात त्याने पाव्हणा हा शब्द माझ्यापुरता टाकून दिला, आणि मी इतका खुशीत होतो की बांचा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. सुखी माणूस फार कोडगा असतो.

पौष लागला. बुलढाण्याकडच्या उंचावर थंडी चांगलीच पडते. बांना खोकला झाला होता. त्या शनिवारी मी आलो, ते उठले, गेले. मी मुलाला घेऊन बसलो. चूल पेटलेली होती, घरात ऊब होती, आणि गोठ्याकडून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. एकदा आली, दुसऱ्यांदा आली. मांडीवरचं पोर मला जड वाटू लागलं. माझ्या सुखापायी म्हातारा बाप थंडीत जाऊन बसतो आणि मी मजेत इथे बसलोय, याचा मला संताप आला. रीतीचा आला, बांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मुलाला बायकोजवळ देऊन मी तरातरा गोठ्यात गेलो.

अजून थोडा उजेड होता. बा गव्हाणीच्या कडेवर घोंगडी पांघरून बसले होते. बैल रवंथ करत होते.

"बा, घरात चला."

"येतो. तू जाय. जराक बसतो अजून."

"काऊन बसता? बैलाईत पाहाचं काय हाये एवढं? मी सांगून राह्यलो तुमाले, आता मी त्याले तुमच्यासमोर घेईन. लोकं काय म्हनतीन ते म्हनू द्या."

मी बांशी इतक्या चढ्या आवाजात कधी बोललो नव्हतो. ते रागावतील अशी मला खात्री होती, नव्हे, त्यांनी रागवावं असंच वाटत होतं. ते रागावले नाहीत. खोकून झाल्यावर म्हणाले, "लोकाईचं नाई रे. मलेच पाहवत नाई."

"काय पाहवत नाई?"

बा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"तू एवढाच होता. सांजच्याले मी वावरातून आलो का दोन्ही हात वर करून माह्यासमोर उभा राहे. आन् माहा बा ओसरीवर बसेल राहे. मी तुह्याजवळून तसाच आत निंघून जावो. रोज. मंग एक दिवस तू हात वर कराचं सोडलं."

मला यातलं काही आठवत नव्हतं. मी आजही आठवून पाहतो, आठवत नाही.

"माहा बा गेला तवा तू वखर धरत होता," ते म्हणाले. "मंग कसा घेऊ तुले?"

मी गोठ्यात नुसता उभा राहिलो. बांनी घोंगडीचं एक टोक उचललं आणि गव्हाणीच्या कडेवर थोडे सरकले.

"बस."

मी बसलो. त्यांनी घोंगडी माझ्या खांद्यावरून ओढून घेतली आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर राहिला. खरबरीत, जड हात होता. मी सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, एका पोराचा बाप, आणि हुंदके देत होतो. बा मधूनच खोकत होते.

तेवढ्यात अंगणातून पावलं वाजली. वाट पाहून कंटाळलेला मुलगा आईचा हात सोडवून आला होता. गोठ्याच्या दाराशी उभा राहून त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं, मग चालत थेट आमच्यापुढे आला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

मी त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि घोंगडीत ओढलं. बांची काठी त्यांच्या उजव्या हाताशी गव्हाणीला टेकून ठेवलेली होती. मी तिच्याकडे पाहत होतो.

बा उठले नाहीत.